घशाखाली घास का अडतो? अन्ननलिकेच्या एका छुप्या आजाराची ओळख

दस्तरखानावर घरातील सगळी माणसे एकत्र बसली की प्रत्येकाची जेवण्याची तऱ्हा वेगळी दिसते. कुणी भराभर जेवून उठतो, कुणी गप्पांत रमतो. काही घरांत मात्र एखादा मुलगा असा असतो, जो रोज सर्वांत शेवटी उठतो. प्रत्येक घासाबरोबर पाणी पितो. बोटी बाजूला सारून नुसता रस्सा खातो. रोटी सालनात भिजवून अगदी मऊ झाल्याशिवाय तोंडात घालत नाही. तापाची गोळी द्यायची म्हटली तर ती कुटून मागतो. घरचे म्हणतात, "नखरे आहेत, दुसरे काय!" तोच माणूस मोठा झाला की म्हणतात, "त्याला पहिल्यापासून सावकाश जेवायची सवयच आहे."

पुष्कळदा ती खरोखर सवयच असते. पण काही थोड्या माणसांत ही तथाकथित सवय म्हणजे एका आजाराची निशाणी असते. त्या आजाराचे नाव इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. नाव उच्चारायला अवघड आहे, म्हणून डॉक्टर त्याला थोडक्यात इओई म्हणतात. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. तेव्हा या लेखात कुणाला औषध सांगण्याचा आमचा इरादा नाही. हा आजार किती लोकांना होतो, वर्षे सरतात तसतसा तो कसा पुढे सरकतो आणि घरच्यांनी त्याची दखल केव्हा घ्यावी, एवढेच साध्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आजार नेमका कोणता?

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात आणि त्या शरीराचे रक्षण करतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यांचाच एक प्रकार म्हणजे इओसिनोफिल. इओसिन नावाच्या लाल रंगाने या पेशी चटकन रंगतात, म्हणून त्यांना हे नाव पडले. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये त्या ओळखल्या. जंत आणि ॲलर्जी या दोन्हींशी त्यांचा जवळचा संबंध आहे.

निरोगी माणसाच्या जठरात आणि आतड्यांत या पेशी थोड्याफार असतातच. अन्ननलिकेत, म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणाऱ्या साधारण २५ सेंटिमीटर लांबीच्या नळीत, मात्र त्या नसतात. इओई झालेल्या माणसाच्या अन्ननलिकेच्या अस्तरात त्या गर्दी करतात. अस्तराचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मोठ्या भिंगाच्या एका वर्तुळात १५ किंवा त्याहून अधिक इओसिनोफिल दिसले, शिवाय गिळताना त्रास होण्यासारखी लक्षणे असली आणि दुसरे कारण सापडले नाही, तर डॉक्टर इओईचे निदान करतात.

या पेशी तेथे का जमतात? दूध, गहू, अंडे असा आपला रोजचा आहारच काहींच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला परका वाटू लागतो. मग ती त्याच्याशी लढायला उभी राहते आणि या लढाईत नुकसान होते ते अन्ननलिकेचे. शेंगदाणा खाल्ला आणि पाच मिनिटांत ओठ सुजले, अशी ही ॲलर्जी नसते. ती दिवसेंदिवस आतल्या आत धुमसत राहते. म्हणूनच खाल्लेला पदार्थ आणि होणारा त्रास यांचा संबंध रुग्णाच्याही ध्यानात येत नाही. कातडीवर टोचून करतात त्या ॲलर्जी तपासणीतूनही दोषी पदार्थ खात्रीने सापडत नाही.

यात अनुवंशाचाही वाटा आहे. दमा, इसब, सतत शिंका आणि वाहती सर्दी असे ॲलर्जीचे त्रास या रुग्णांत पुष्कळ आढळतात. बायकांपेक्षा पुरुषांत हा आजार अधिक दिसतो. सामान्यतः चार रुग्णांत तीन पुरुष असतात.

किती लोकांना होतो?

वैद्यकशास्त्राला या आजाराची वेगळी ओळख पटून जेमतेम तीस-पस्तीस वर्षे झाली आहेत. १९९३ मध्ये डॉ. स्टीफन ॲटवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ प्रौढ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. या रुग्णांना गिळताना त्रास होत होता, अन्ननलिकेत इओसिनोफिल भरपूर होते, पण जठरातील आम्ल वर येण्याचा दोष जवळजवळ कुणातच सापडला नाही. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये डॉ. ॲलेक्स श्ट्राउमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच रुग्णांचे वर्णन केले. १९९५ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी असा त्रास असलेल्या १० मुलांचा नेहमीचा आहार बंद करून त्यांना प्रथिनांऐवजी अमिनो आम्ले असलेले खास दूध दिले. आठ मुलांची लक्षणे गेली, दोघांची कमी झाली. नेहमीचे पदार्थ पुन्हा सुरू केल्यावर त्रासही परतला. आजाराचे मूळ अन्नात आहे, हे त्यातून पुढे आले.

आजार किती पसरला आहे हे मोजण्यासाठी स्वित्झर्लंडमधील ओल्टेन हा भाग फार उपयोगी पडला. त्याची लोकसंख्या साधारण एक लाख. वीस वर्षांत तीत मोठा फेरबदलही झाला नव्हता. १९८९ ते २००९ या काळात तेथे इओईचे ४६ रुग्ण सापडले आणि शेवटी लाखामागे सुमारे ४३ रुग्ण असे प्रमाण निघाले. अमेरिकेत सिनसिनाटी शहराच्या परिसरात २००३ साली दहा हजार मुलांमागे चार मुलांना हा आजार असल्याचे दिसले. २०१९ मध्ये ठिकठिकाणचे अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी लाखामागे ३४ होती. अमेरिकेच्या अलीकडच्या अंदाजानुसार तेथे साधारण ७०० माणसांमागे एकाला इओई आहे. सातशे म्हणजे एका मध्यम शाळेची पटसंख्या. एवढ्या शाळेत एक मूल, असा हिशेब डोळ्यांसमोर आणला तर हा आजार फार दूरचा वाटत नाही.

येथे एक रास्त प्रश्न उभा राहतो. रुग्ण खरोखर वाढले, की दुर्बिणीच्या तपासण्या वाढल्या म्हणून ते दिसू लागले? डेन्मार्कमध्ये साऱ्या देशाच्या वैद्यकीय नोंदी एकत्र ठेवलेल्या असतात. त्या तपासल्या तेव्हा असे दिसले की १९९७ ते २०१२ या काळात अन्ननलिकेचे तुकडे काढून तपासण्याचे प्रमाण दुपटीच्या आसपास गेले, तर इओईचे नवे रुग्ण जवळजवळ वीसपट झाले. म्हणजे तपासण्या वाढल्या हे एक कारण आहे, पण सारी वाढ तेवढ्याने समजत नाही. लहानपणी दिलेली प्रतिजैविके, सिझेरियनने झालेला जन्म यांच्याशी काही अभ्यासांत संबंध दिसला आहे. पण संबंध दिसणे आणि कारण सिद्ध होणे यांत फरक असतो.

आपल्या देशात आणि एकूणच आशियात हा आजार युरोप-अमेरिकेपेक्षा कमी आढळला आहे. तरी तो येथे नाही असे मात्र नाही. दिल्लीत आम्लपित्त वर येण्याचा त्रास असलेल्या रुग्णांची तपासणी केली गेली, तेव्हा शंभरात सुमारे तिघांना इओई निघाला. ज्यांना आपण आणि आपले डॉक्टर ॲसिडिटीचे रुग्ण समजत होतो, त्यांच्यातच ही माणसे होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

वर्षे सरतात, नळी आवळत जाते

हा आजार वयाप्रमाणे रूप बदलतो. तान्ह्या आणि अगदी लहान मुलांत तो दूध-अन्न नाकारणे, वारंवार उलटी, वजन न वाढणे या रूपाने येतो. शाळकरी मुले पोटदुखीची आणि उलटीची तक्रार करतात. किशोरवयापासून पुढे घास अडू लागतो. प्रौढांत हेच मुख्य लक्षण असते. भात, खिचडी, फिरनी सुरळीत उतरते, पण बोटी, सुकी रोटी, पाव छातीच्या मध्यावर अडतो.

असे का होते? सुरुवातीला अस्तराला नुसती सूज असते. सूज वर्षानुवर्षे टिकली की शरीर तेथे भर घालू लागते. जखम भरल्यावर कातडीवर जसा कडक व्रण राहतो, तसेच तंतू अन्ननलिकेच्या भिंतीत साठतात. लवचीक नळी ताठ होते. आतून कडी-कडीसारखे वळे दिसू लागतात आणि पुढे नळी अरुंद होते. तिची रुंदी १३ मिलिमीटरच्या खाली गेली की घट्ट अन्न गिळताना त्रास ठरलेलाच.

या वाटचालीचा सर्वांत बोलका हिशेब स्वित्झर्लंडच्याच २०० रुग्णांच्या अभ्यासात मिळतो. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिले लक्षण दिसल्यापासून निदान होईपर्यंत निम्म्या रुग्णांची सहा किंवा अधिक वर्षे गेली होती. ज्यांचे निदान दोन वर्षांच्या आत झाले, त्यांच्यापैकी १७ टक्के लोकांची अन्ननलिका अरुंद झालेली होती. ज्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ काढला, त्यांच्यात हेच प्रमाण ७१ टक्के होते. नेदरलँड्समधील अभ्यासातही निदानाविना गेलेल्या प्रत्येक वर्षाबरोबर नळी अरुंद होण्याचा धोका ९ टक्क्यांनी वाढत गेलेला आढळला.

हे आकडे भीती घालण्यासाठी दिलेले नाहीत. याच्या जोडीला दिलासा देणाऱ्या गोष्टीही आहेत. डॉ. श्ट्राउमान यांनी ३० प्रौढ रुग्णांवर सरासरी सात वर्षे लक्ष ठेवले. आजार टिकून राहिला, पण त्यातून कुणालाही कर्करोग झाला नाही आणि त्यांचे पोषणही ढासळले नाही. या आजाराने आयुष्य घटते असेही दिसलेले नाही. शिवाय प्रत्येकाची नळी आवळतेच असे नाही. पण हा आजार सहसा आपोआप बरा होत नाही. रक्तदाब किंवा मधुमेह जसा सांभाळावा लागतो, तसाच हाही सांभाळावा लागतो. आणि जितका लवकर कळेल तितके नुकसान टळते.

दिसत का नाही?

मग सहा-सहा वर्षे का जातात? आमच्या मते याचे उत्तर दवाखान्याआधी घरात शोधले पाहिजे. या आजाराचा रुग्ण स्वतःला न कळत त्याच्याशी जुळवून घेतो. घास बारीक करतो, खूप चावतो, पाण्याबरोबर उतरवतो, जेवणाला पाऊण तास लावतो, कडक पदार्थ टाळतो, गोळ्या टाळतो. डॉक्टरांनी विचारले, "गिळायला त्रास होतो का?" तर तो प्रामाणिकपणे सांगतो, "नाही." कारण त्रास होऊ नये याची तजवीज त्याने रोजच्या जेवणातच करून ठेवलेली असते. लहानपणापासून असे असेल, तर सगळेच असे जेवतात असे त्याला वाटते.

आम्ही शिक्षक डबा खायच्या सुट्टीत मुले पाहत असतो. जे मूल रोज अर्धा डबा परत नेते, त्याला आपण रागावतो. त्याला आधी एवढे विचारावे, "बेटा, घास कुठे अडतो का?" मूल छातीवर हात ठेवून दाखवते, तेव्हा ती गोष्ट घरी कळवायला हवी.

आणखी एक गोष्ट. पुरुषांत हा आजार अधिक असला तरी चारांपैकी एक रुग्ण स्त्री असते. आपल्या कितीतरी घरांत अम्मी सर्वांना वाढून शेवटी एकटीच जेवते. ती कशी जेवते, काय बाजूला ठेवते, हे पाहणारे तेथे कुणी नसते. तिचा त्रास पाण्याबरोबर तिच्याच गळ्यात उतरत राहतो.

निदान आणि उपचार

निदानासाठी एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी लागते. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. दुर्बिणीतून अन्ननलिका वरवर ठीक दिसली तरी आजार असू शकतो. त्यामुळे वरच्या आणि खालच्या भागातून मिळून निदान सहा तुकडे काढून बायोप्सी करावी, असे तज्ज्ञ सांगतात. तपासणीआधी "बायोप्सीही घेणार आहात ना?" असे अदबीने विचारायला हरकत नाही.

उपचाराच्या तीन मुख्य वाटा आहेत. पहिली आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांची. सुमारे निम्म्या रुग्णांना त्यांनी फायदा होतो. पूर्वी या गोळ्यांनी बरे वाटले तर तो इओई नव्हेच असे मानत. २०१८ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय एकमताने ही समजूत मागे पडली. दुसरी वाट स्टेरॉइडची. दम्यासाठी ओढायचे औषध येथे श्वासात न घेता गिळायचे असते, म्हणजे ते अन्ननलिकेच्या अस्तरावर बसते. त्यानंतर अर्धा तास काही खायचे-प्यायचे नसते. यात कधी तोंडात किंवा अन्ननलिकेत बुरशी धरते, म्हणून डॉक्टरांची देखरेख हवी. तिसरी वाट पथ्याची. पूर्वी दूध, गहू, अंडी, सोया, दाणे-सुकामेवा आणि मासे असे सहा गट एकदम बंद करत. २०२३ च्या एका अमेरिकन चाचणीत प्रौढांना सहा गट बंद करून ४० टक्के, तर नुसते दूध बंद करून ३४ टक्के लोकांचा आजार आटोक्यात आला. फरक फार मोठा नव्हता. त्यामुळे आता अनेक डॉक्टर दुधापासून सुरुवात करतात. पण वाढत्या मुलाचे दूध, गहू किंवा अंडी घरच्या घरी, ऐकीव माहितीवर बंद करू नयेत. त्याने वाढ खुंटू शकते.

याशिवाय ड्युपिलुमॅब हे टोचून घ्यायचे औषध अमेरिकेत २०२२ पासून या आजारासाठी मान्य आहे. नळी फार अरुंद झाली असेल तर दुर्बिणीतून फुगा घालून ती हळूहळू रुंद करतात. त्याने घास उतरू लागतो, पण आतली सूज जात नाही. तिच्यासाठी औषध किंवा पथ्य लागतेच.

बरे वाटले म्हणून उपचार सोडला की आजार बहुतेकांत परत येतो. नुसत्या लक्षणांवरून आतली स्थिती कळत नाही, म्हणून पुन्हा बायोप्सी करावी लागते. खर्चाची आणि चिकाटीची ही बाब आहे, हे मान्य. रमजानमध्येही औषध आपल्या मनाने बंद करू नये. महिना सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून सहरी आणि इफ्तारच्या हिशेबाने वेळा ठरवून घ्याव्यात.

घास अडकलाच तर

युरोप-अमेरिकेत घास अडकून तातडीने रुग्णालयात येणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांत इओई आढळतो. माणसाला श्वास घेता येत नसेल, बोलता येत नसेल, तर घास श्वासनलिकेत गेला आहे. तेथे क्षणाचीही उसंत नसते, लगेच मदत हवी. श्वास नीट चालू आहे, पण छातीत घास रुतला आहे आणि लाळही गिळता येत नाही, असे असेल तर ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे. वरून केळे किंवा भाताचा गोळा देऊन घास ढकलू नये. बोटे घालून उलटी काढू नये. या रुग्णांची अन्ननलिका नाजूक झालेली असते, जोराच्या उलटीने ती फाटू शकते. आणि घास आपोआप उतरला तरी "सुटलो एकदाचे" म्हणून विषय मिटवू नये. दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

गिळताना होणारा प्रत्येक त्रास इओईचाच असतो असेही नाही. विशेषतः मध्यम वय उलटलेल्या माणसाला नव्याने गिळण्याचा त्रास सुरू झाला, वजन उतरू लागले, तंबाखूचे व्यसन असले, तर कर्करोगाची शक्यता तपासण्यात एक आठवडाही दवडू नये.

घरच्यांनी काय करावे?

पाच प्रश्न स्वतःला विचारावेत. घरात कुणी प्रत्येक घासाबरोबर पाणी पितो का? इतरांपेक्षा त्याला नेहमीच फार वेळ लागतो का? गोश्त, सुकी रोटी, पाव तो टाळतो का? गोळी गिळायला घाबरतो का? त्याला किंवा जवळच्या नात्यात दमा, इसब, ॲलर्जी आहे का? यांतल्या दोन-तीन प्रश्नांना "हो" असे उत्तर आले, तर पोटाच्या विकारांच्या डॉक्टरांना हे सगळे जसेच्या तसे सांगावे. "ॲसिडिटी आहे" एवढेच सांगून थांबू नये.

आणि दावतीत आग्रहाला आवर घालावा. मेहमाननवाजी ही आपली शान आहे, पण "अजून एक बोटी घ्याच" म्हणून पुन्हा पुन्हा वाढताना समोरचा माणूस का नको म्हणतो आहे, हेही पाहावे. जो सावकाश जेवतो त्याला वेळ द्यावा, सर्वांसमोर त्याची थट्टा करू नये. नंतर बाजूला घेऊन मायेने विचारावे. कदाचित इतक्या वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नसेल.